शंभराच्या यादीत न मावलेला सागर

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘सर्वश्रेष्ठ विज्ञानकथा आणि अद्भुतकथा : याद्या आणि आपण’ असा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा माझ्या पत्रकार मित्रांनी भुवया उंचावल्या. देशापुढे एवढे प्रश्न असताना परग्रहवासी, जादूगार आणि राक्षसांच्या गोष्टींच्या क्रमवारीवर तासभर बोलायचे कशाला, असा त्यांचा सूर होता. त्यांची शंका मला मान्य नाही. एखादा समाज कोणत्या समस्यांवर भांडतो हे त्याच्या वृत्तपत्रांवरून कळते. तो कोणती स्वप्ने पाहतो हे त्याच्या अद्भुतकथांवरून कळते. आणि जगातील ‘सर्वश्रेष्ठ’ स्वप्ने कोणती, हे जर कोणी क्रमांक देऊन ठरवीत असेल, तर ते ठरविणारे कोण, कशाच्या आधारे ठरवितात आणि त्या यादीत आपण कोठे आहोत, हा प्रश्न गांभीर्याने घ्यावा लागतो.

प्रथम प्रत्यक्ष एक यादी पाहू. २०११ साली अमेरिकेतील ‘नॅशनल पब्लिक रेडिओ’ या नभोवाणी संस्थेने विज्ञानकथा आणि अद्भुतकथांमधील सर्वोत्तम शंभर पुस्तके श्रोत्यांच्या मतदानाने निवडली. साठ हजारांहून अधिक मते पडली. प्रत्येक मतदात्याला दहा पुस्तके निवडण्याची मुभा होती. पहिला क्रमांक मिळाला जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या महाकथेला. दुसरे डग्लस ॲडम्स यांचे विनोदी ‘हिचहायकर्स गाइड’, तिसरे ऑर्सन स्कॉट कार्ड यांचे ‘एंडर्स गेम’, चौथे फ्रँक हर्बर्ट यांचे ‘ड्यून’, पाचवी जॉर्ज मार्टिन यांची ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ ही मालिका. सहाव्या स्थानी ऑर्वेल यांची ‘१९८४’ आणि आठव्या स्थानी आयझॅक असिमोव्ह यांची ‘फाउंडेशन’ मालिका.

यातील अनेक पुस्तके खरोखर थोर आहेत, हे आधीच सांगून टाकतो. ‘ड्यून’मध्ये वाळवंटी ग्रहावर पाण्याच्या एकेका थेंबाभोवती उभी राहिलेली संस्कृती वाचताना मराठवाड्यातल्या माणसाला काही वेगळेच जाणवेल. ‘फाउंडेशन’मध्ये एका महासाम्राज्याचा ऱ्हास आणि त्या अंधारात ज्ञानाचा दिवा जपणाऱ्या मूठभरांचा प्रयत्न आहे, रोमन साम्राज्यावरील गिबनच्या इतिहासग्रंथाची छाया तिच्यावर आहे. ही पुस्तके जरूर वाचावीत. माझा प्रश्न पुस्तकांविषयी नाही. तो क्रमांकांविषयी आहे.

क्रमांक कोण देतो?

१९६६ सालची गोष्ट घ्या. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात ‘सार्वकालिक सर्वोत्तम मालिका’ असा एक खास ह्यूगो पुरस्कार देण्यात आला. स्पर्धेत टोल्किन होते आणि असिमोव्हही होते. हा पुरस्कार टोल्किन यांच्यासाठीच निर्माण केला असावा, असे स्वतः असिमोव्ह यांना वाटत होते. प्रत्यक्षात विजयी झाली ती असिमोव्ह यांची ‘फाउंडेशन’. पंचेचाळीस वर्षांनी, २०११ मध्ये, टोल्किन पहिले आणि ‘फाउंडेशन’ आठवी. या पंचेचाळीस वर्षांत टोल्किन यांच्या कथेत भर पडली नव्हती आणि ‘फाउंडेशन’चे मूळ तीन खंडही होते तसेच होते. बदलले होते ते मतदार. १९६६ चा मतदार अंतराळयानांच्या स्वप्नांवर वाढलेला विज्ञानकथेचा निष्ठावान होता. चंद्रावर माणूस उतरायला तेव्हा तीनच वर्षे उरली होती. २०११ च्या मतदाराचे चंद्राविषयीचे नवल ओसरले होते.

म्हणजे ‘सार्वकालिक’ हा शब्द यादीवर छापलेला असतो, पण यादी असते त्या-त्या काळाची.

बाजाराचा हातही विसरून चालणार नाही. मार्टिन यांची मालिका २०११ च्या ऑगस्टमध्ये पाचव्या स्थानी आली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिच्यावरील दूरदर्शन मालिका सुरू झाली होती आणि जुलैमध्ये तिचा पाचवा खंड प्रसिद्ध झाला होता. सहावा खंड आजही आलेला नाही! याच यादीत अठराव्या क्रमांकावर पॅट्रिक रॉथफस यांची एक कथात्रयी आहे. तिचे दोन खंड तेव्हा प्रसिद्ध झाले होते, तिसऱ्याची वाचक आजही वाट पाहत आहेत. आणि या अपुऱ्या कथात्रयीच्या खाली, विसाव्या क्रमांकावर, मेरी शेली यांची १८१८ सालची ‘फ्रँकेन्स्टाइन’ आहे, जिला अनेक अभ्यासक संपूर्ण विज्ञानकथेची जननी मानतात. घराचा पाया विसाव्या क्रमांकावर आणि अर्धवट बांधलेली गच्ची अठराव्या, असा हा न्याय आहे.

पण मतदाराला सर्वस्वी भोळा समजणेही योग्य नव्हे. १९९७ साली ब्रिटनमधील एका मोठ्या पुस्तकविक्री साखळीने वाचकांकडून ‘शतकातील सर्वश्रेष्ठ पुस्तक’ निवडून घेतले, तेव्हाही टोल्किनच पहिले आले. त्यांच्यावरील गाजलेले चित्रपट तेव्हा निघालेही नव्हते. लंडनच्या साहित्यवर्तुळातील समीक्षकांनी नाके मुरडली. बुटके, पऱ्या आणि जादूची अंगठी हे शतकाचे सर्वश्रेष्ठ साहित्य कसे, असे विचारले गेले. पुढे २००३ मध्ये बीबीसीने देशभर मतदान घेतले, लाखो मते पडली आणि उत्तर तेच आले. अद्भुताला विद्वानांनी पोरखेळ मानायचे आणि सामान्य वाचकाने हृदयाशी धरायचे, हा सर्वत्र आढळणारा प्रकार आहे. या बाबतीत मी सामान्य वाचकाच्या बाजूचा आहे.

तज्ज्ञांचा निवाडा अचूक असतोच असे नाही, याचा आणखी एक दाखला ‘ड्यून’चा आहे. वीसहून अधिक प्रकाशकांनी ती कादंबरी परत पाठविली. अखेर १९६५ साली ती छापली एका अशा प्रकाशनसंस्थेने, जिची ख्याती मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी होती. आज ती अशा अनेक याद्यांत वरच्या स्थानी असते.

न दिसणारी वेस

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या याद्यांना काळाची मर्यादा असते आणि बाजाराचे वजन असते, हे आपण पाहिले. तिसरी मर्यादा अधिक खोल आहे आणि ती कोठेही लिहिलेली नसते. ती आहे भाषेची.

१९८५ साली डेव्हिड प्रिंगल या ब्रिटिश समीक्षकाने शंभर सर्वोत्तम विज्ञान कादंबऱ्यांचे पुस्तक काढले. १९४९ ते १९८४ या काळातील आणि इंग्रजीत लिहिलेल्या कादंबऱ्याच आपण घेतल्या आहेत, असे त्यांनी स्पष्ट केले होते. हा प्रामाणिकपणा आहे. आपल्या अंगणाला कुंपण घालून ‘हे माझे अंगण’ म्हणणाऱ्याशी आपले भांडण नाही. अडचण तेव्हा होते, जेव्हा अंगणालाच पृथ्वी म्हटले जाते.

एक उदाहरण देतो. २०११ च्या त्या यादीत असिमोव्ह यांचे ‘आय, रोबोट’ सोळाव्या क्रमांकावर आहे. पण ‘रोबोट’ हा शब्द आला कोठून? तो जगाला दिला कारेल चापेक या चेक लेखकाने, १९२० सालच्या आपल्या नाटकातून. शब्द सुचविला होता त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेतील ‘वेठबिगार’ या अर्थाच्या शब्दापासून तो घडला आहे. चेक भाषा बोलणारे लोक सुमारे एक कोटी. त्या लहानशा भाषेने संपूर्ण यंत्रयुगाला त्याचा सर्वांत मोठा शब्द दिला. तो शब्द यादीत मुखपृष्ठावर झळकतो, पण शब्द देणाऱ्याचे नाटक यादीत नाही. रशियन लेखक झाम्यातिन याचे तसेच. ऑर्वेलच्या ‘१९८४’ च्या अडीच दशकांहून अधिक काळ आधी त्याने सर्वंकष सत्तेचे चित्र रंगविणारी ‘आम्ही’ ही कादंबरी लिहिली. त्याच्या स्वतःच्या देशात ती १९८८ पर्यंत छापू दिली गेली नाही. साम्यवादी राजवटीने ती दडपली आणि लोकशाही देशांतील बहुसंख्य वाचक ती विसरले. एका पुस्तकाचे असे दोन मृत्यू होऊ शकतात.

मराठी भाषकांची संख्या २०११ च्या जनगणनेनुसार आठ कोटी तीस लाखांवर आहे. चेक भाषकांच्या आठपट. संख्येने आपण लहान नाही, हे ध्यानात असू द्या. मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

२०२० मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने नामवंत लेखकांच्या मदतीने शंभर सर्वोत्तम अद्भुतकथांची यादी केली. क्रमांक न देता पुस्तके कालानुक्रमे मांडली, ‘अरेबियन नाइट्स’पासून आरंभ केला, नायजेरियाच्या आमोस टुटुओला यांना स्थान दिले. दृष्टी रुंदावण्याचा प्रयत्न स्तुत्य होता. तरीही फार मोठा वाटा एकविसाव्या शतकातील इंग्रजी पुस्तकांचाच राहिला. ज्या भाषेत वाचणाऱ्यांनी यादी करायची, त्या भाषेत जे उपलब्ध आहे, तेच यादीत येणार. यात कपट शोधण्याची गरज नाही. न वाचलेल्या पुस्तकाला कोणी मत देऊ शकत नाही.

एका अनुवादाने काय घडते

हे चित्र बदलते का? बदलते, आणि कसे बदलते ते आपल्या शेजाऱ्याने दाखवून दिले आहे. लिऊ सिशिन या चिनी लेखकाची ‘थ्री बॉडी प्रॉब्लेम’ ही कादंबरी २००६ साली चीनमधील एका विज्ञानकथा मासिकातून क्रमशः आली, २००८ मध्ये पुस्तकरूप झाली. २०११ च्या यादीत तिचे नाव नाही. असणार कसे? २०१४ मध्ये केन लिऊ यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०१५ मध्ये तिने ह्यूगो पुरस्कार पटकावला. अनुवादित कादंबरीला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. आज तिच्याविना कोणतीही यादी पुरी होत नाही. कादंबरी तीच होती. मध्ये एक अनुवादक उभा राहिला, इतकाच फरक.

पण हे एका रात्रीत झालेले नाही. चेंगडू शहरातील ते विज्ञानकथा मासिक १९७९ पासून चालू आहे. मधल्या काळात शासनाच्या वक्रदृष्टीमुळे त्यावर संकटे आली, तरी ते टिकले आणि त्याने लेखकांची पिढी घडविली. आपल्याला चीनविषयी अनेक रास्त तक्रारी आहेत; परंतु एखादे नियतकालिक दशकानुदशके चालविण्याची चिकाटी कोणाकडूनही शिकावी.

याच कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२३ मध्ये जागतिक विज्ञानकथा संमेलन त्याच चेंगडूमध्ये भरले. त्यावेळच्या ह्यूगो पुरस्कारांचे तपशील जानेवारी २०२४ मध्ये बाहेर आले, तेव्हा आर. एफ. क्वांग यांच्या ‘बेबल’ या गाजलेल्या कादंबरीसह काही नावे समाधानकारक कारण न देताच अपात्र ठरविली गेल्याचे उघड झाले. राजकीयदृष्ट्या अडचणीचे वाटेल असे साहित्य संयोजक आधीच चाळून काढीत होते, हेही पुढे आले. मोठे वादळ उठले. यादी लंडनमध्ये होवो वा चेंगडूमध्ये, ती करणाऱ्याच्या हातात एक अदृश्य कात्री असते. म्हणून जगाच्या यादीत आपले नाव यावे ही इच्छा ठेवावी. पण आपली किंमत त्या यादीवरून ठरवू नये.

आपल्या घरात काय आहे?

अशा याद्या पाहून आपल्याकडे दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. एक वर्ग म्हणतो, ‘मराठीत असले काही नाहीच, वाचायचे तर इंग्रजीतूनच.’ दुसरा वर्ग छाती फुगवून म्हणतो, ‘हे सारे आमच्याकडे हजारो वर्षांपूर्वीच होते; रामायण-महाभारतापुढे तुमचा टोल्किन काय!’ हे दोन्ही वर्ग परस्परविरोधी दिसतात, पण त्यांच्यात एक साम्य आहे. दोघांनीही आपले ग्रंथ उघडून पाहिलेले नसतात.

रामायण-महाभारताविषयी माझे मत स्पष्ट आहे. परंपरेने त्यांना इतिहास आणि काव्य मानले. कोट्यवधी लोक त्यांच्याकडे श्रद्धेने, धर्मविचार म्हणून पाहतात. त्यांना करमणुकीच्या अद्भुतकथांच्या रांगेत बसवून सातवा की सतरावा क्रमांक मिळावा, असा आग्रह धरणे म्हणजे त्यांचा गौरव नव्हे, अवमूल्यन आहे. पण ज्या ग्रंथांनी स्वतःला ‘कथा’ म्हटले, निखळ नवलासाठी जे रचले गेले, त्यांचे काय? भरतमुनींनी सांगितलेल्या आठ रसांत अद्भुत हा एक स्वतंत्र रस आहे आणि विस्मय हा त्याचा स्थायीभाव. पाश्चात्त्य समीक्षकांना विसाव्या शतकातही अद्भुताला साहित्याच्या पंगतीत पाट मांडावा की नाही, हा प्रश्न पडत होता. आपल्याकडे तो पाट नाट्यशास्त्रातच मांडलेला होता.

एक साधी गोष्ट पाहा. मराठीत ‘नॉव्हेल’ला आपण काय म्हणतो? कादंबरी. हा शब्द आला सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ग्रंथावरून. सम्राट हर्षाच्या पदरी असलेल्या बाणाची ही कथा एक पोपट सांगतो. त्या पोपटाला पूर्वजन्म आहे, नायक चंद्रापीड हा प्रत्यक्ष चंद्राचा अवतार आहे, आणि प्रेमिक एका जन्मातून दुसऱ्या जन्मात एकमेकांना शोधत जातात. बाण ती पुरी करू शकला नाही, त्याच्या मुलाने ती पूर्ण केली. ही एक संपूर्ण अद्भुतकथा आहे आणि तिचे नाव आपण संपूर्ण साहित्यप्रकाराला दिले. आपल्या भाषेत प्रत्येक कादंबरी, मग ती कितीही वास्तववादी असो, एका अद्भुतकथेचे आडनाव लावून फिरते! कन्नड बंधूही हाच शब्द वापरतात.

मराठीतील आधुनिक कादंबरीचा आरंभकाळही अद्भुतानेच भारलेला आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. विज्ञानकथेकडे वळलो, तर बंगालमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ मध्ये केसाला लावण्याच्या तेलाने वादळ शमविण्याची गमतीदार कथा लिहून पारितोषिक मिळविले होते. आणि आपल्याकडे १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप या अपरिचित लेखकाच्या ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. या नावाची आद्याक्षरे उलट वाचली की लेखक सापडतो : जयंत विष्णु नारळीकर. परीक्षकांवर आपल्या जगन्मान्य नावाचे दडपण येऊ नये म्हणून त्यांनी ते लपविले होते. क्रमवारी लावणाऱ्याने नावाकडे न पाहता कथेकडे पाहावे, हा धडा त्यांनी न बोलता घालून दिला. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या साहित्यप्रकाराची आवर्जून दखल घेतली. २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघाताने अशा एका जगात पोहोचतात, जेथे १७६१ मध्ये पानिपतावर विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून जाते, मराठे जिंकतात आणि हिंदुस्थानचा इतिहास वेगळ्या वळणाने जातो. त्या जगात सभांना अध्यक्ष नेमण्याची प्रथा बंद झालेली असते आणि अध्यक्षीय खुर्चीत जाऊन बसलेल्या गंगाधरपंतांना श्रोते अंडी-टोमॅटो मारून हाकलतात. (अध्यक्ष महोदय, येथे तसे काही होणार नाही, निर्धास्त असावे.) विनोद सोडा; या कथेतील वेदना कोणाची आहे? ‘पानिपतावर असे झाले नसते तर’ हा प्रश्न अडीचशे वर्षे प्रत्येक मराठी घराने स्वतःला विचारला आहे. नारळीकरांनी त्या जखमेला आधुनिक भौतिकशास्त्राचा हात लावला. ही कथा केवळ मराठी मनातूनच उगवू शकत होती. तिचे इंग्रजी रूप पुढे देशभरच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात आले, ही समाधानाची गोष्ट. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, भयकथेच्या प्रांतात नारायण धारप, मुलांसाठी ज्यूल व्हर्नला मराठीत आणणारे भा. रा. भागवत, अशी ही मोठी परंपरा आहे. मग या सभागृहातील तरुणांना मी विचारतो : यांपैकी किती जणांचे एकेक तरी पुस्तक तुम्ही वाचले आहे?

गुणाढ्याची होळी

आता एक जुनी कथा सांगतो. ती ‘कथासरित्सागरा’च्या आरंभीच आहे आणि तिचे स्थळ आहे प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण.

सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत होता. पाण्याच्या माऱ्याने त्रासलेली एक राणी संस्कृतात म्हणाली, ‘मोदकैः’, म्हणजे ‘मा उदकैः’, पाण्याने मारू नका. राजाला संस्कृत येत नव्हते. त्याने मोदकांची ताटे मागविली! राणी हसली. राजा शरमेने खंगला आणि संस्कृत शिकण्याचा त्याने ध्यास घेतला. मंत्री गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षे लागतील. शर्ववर्मा नावाचा दुसरा पंडित म्हणाला, सहा महिन्यांत शिकवितो. गुणाढ्याने पैज लावली : तसे झाले तर मी संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्याने शब्द खरा केला. भाषा हरवलेला गुणाढ्य विंध्याच्या अरण्यात गेला, तेथे पैशाची भाषा शिकला, आणि त्या भाषेत, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने, सात वर्षांत सात लाख श्लोकांची ‘बृहत्कथा’ त्याने लिहिली.

ग्रंथ राजाकडे पाठविला गेला. नुकताच संस्कृत शिकलेल्या त्या राजाने तो न वाचताच परत केला. भाषा पैशाची, शाई रक्ताची. असल्या ग्रंथाचे काय करायचे? गुणाढ्याने अरण्यात अग्निकुंड पेटविले. एकेक पान वाचायचे आणि अग्नीत टाकायचे. वनातील पशुपक्षी चरणे सोडून अश्रू ढाळीत ऐकत बसले. सहा लाख श्लोक जळाले. उपाशी प्राण्यांचे सुकलेले मांस राजाच्या पाकशाळेत आले, राजा आजारी पडला, चौकशी झाली आणि तो धावत अरण्यात पोहोचला. तोवर एकच लाख श्लोक उरले होते.

पुढे ती उरलेली बृहत्कथाही मूळ रूपात नष्ट झाली. आज आपल्या हाती आहेत ती तिची रूपांतरे. बुधस्वामीचे, क्षेमेंद्राचे आणि सर्वांत प्रसिद्ध ते अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने रचलेले, वीस हजारांहून अधिक श्लोकांचे ‘कथासरित्सागर’. विक्रम-वेताळाच्या गोष्टी त्यातच आहेत. इंग्रजीत त्याचा सटीप अनुवाद १९२४ ते १९२८ या काळात दहा खंडांत निघाला. गोदावरीकाठच्या या कथेचे रक्षण काश्मीरच्या पंडिताने केले, हे भारताच्या एकात्मतेचे किती सुंदर उदाहरण आहे!

ही दंतकथा असेल. पण तिच्यात जे सत्य आहे ते आजचे आहे. त्या राजाने ग्रंथाचा निवाडा ग्रंथ वाचून केला नाही, भाषा पाहून केला. आणि तो कोणी परका नव्हता. आपल्याच घरातला, नुकतीच प्रतिष्ठेची भाषा शिकलेला, कालच्या हशाची लाज मनात असलेला माणूस होता. आज आपल्या मध्यमवर्गीय घरांत मुलाच्या हाती इंग्रजी अद्भुतकथांचे जाडजूड खंड कौतुकाने दिले जातात आणि मराठी पुस्तकाला ‘हे काय वाचायचे’ म्हटले जाते, तेव्हा प्रत्येक दिवाणखान्यात तो सातवाहन बसलेला असतो. अग्निकुंडाचीही आता गरज नाही. पुस्तकाची आवृत्ती संपते, पुन्हा निघत नाही, ग्रंथालयातील शेवटची प्रत कसर खाते. धूर दिसत नाही, एवढेच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. आनंद झाला. पण अभिजाततेचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि पुस्तके रद्दीत, असे झाले तर त्या दर्जाला अर्थ काय?

मग करायचे काय?

ज्या टोल्किनला वाचक पुनःपुन्हा पहिल्या क्रमांकावर नेतात, तो ऑक्सफर्डमध्ये प्राचीन इंग्रजीचा प्राध्यापक होता. विद्वान केवळ भाषाभ्यासापुरते ज्याकडे पाहत, त्या ‘बेओवुल्फ’ काव्याकडे काव्य म्हणून पाहा, असे त्याने १९३६ मध्ये ठणकावून सांगितले. आपल्या इंग्लंडला स्वतःची पुराणकथा नाही ही त्याची खंत होती आणि त्या खंतीतून त्याने आयुष्यभर खपून एक जग उभे केले. त्याने कोणाच्या यादीविरुद्ध तक्रार केली नाही. आपल्या भाषेच्या जुन्या पेटाऱ्यात हात घातला आणि जे हाती लागले त्याचे नवे सोने केले. टोल्किनचे अनुकरण करायचे तर त्याच्या बुटक्यांचे आणि जादूगारांचे नको, या निष्ठेचे करावे.

आपण तीन गोष्टी करू शकतो. पहिली घराघरांत. प्रत्येक कुटुंबाने आपली दहा अद्भुतकथांची आणि विज्ञानकथांची यादी करावी. त्यात टोल्किन असावा, असिमोव्ह असावा, नारळीकर असावेत, विक्रम-वेताळ असावा. अट एकच : जे घरातल्या कोणी वाचलेले नाही, ते यादीत येणार नाही. आठवड्यातून एकदा रात्रीच्या जेवणानंतर एक कथा मोठ्याने वाचावी. मुले ऐकतात, मोठ्यांनी वाचायला हवे.

दुसरी गोष्ट ग्रंथालयांत. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये हजारोंनी आहेत. प्रत्येक ग्रंथालयाने आपल्याकडील दुर्मीळ मराठी विज्ञानकथा आणि अद्भुतकथांची नोंद केली, तरी कोणत्या पुस्तकाच्या किती प्रती उरल्या आहेत हे कळेल. ज्या पुस्तकाच्या दोनच प्रती उरल्या, त्याचे पुनर्मुद्रण आधी व्हावे. हे काम पैशांचे कमी आणि चिकाटीचे अधिक आहे. ज्या कार्यकर्त्यांना घरोघर संपर्काची सवय आहे, त्यांना ते अवघड नाही.

तिसरी गोष्ट अनुवादाची. ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने टोल्किनची महाकथा मुग्धा कर्णिक यांनी मराठीत आणली. हॅरी पॉटरही मराठीत आला. बाहेरून आत येणारा रस्ता चालू आहे. आतून बाहेर जाणारा रस्ता मात्र ओस आहे. बाळ फोंडके यांनी १९९३ मध्ये राष्ट्रीय पुस्तक न्यासासाठी भारतीय भाषांतील विज्ञानकथांचे इंग्रजी संकलन केले, तसे प्रयत्न बोटांवर मोजण्याइतके. परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या मुलामुलींत दोन्ही भाषांवर हुकमत असलेले कितीतरी जण आहेत. त्यांच्यापैकी एकाने जरी एका चांगल्या मराठी विज्ञानकथासंग्रहाचा अनुवाद मनावर घेतला, तर २०१४ साली चिनी भाषेच्या बाबतीत जे घडले ते मराठीच्या बाबतीत का घडू नये?

सभेचा समारोप करताना एवढेच म्हणेन. पुढच्या दहा-वीस वर्षांत अशा शंभरांच्या याद्या आणखी निघतील. त्यांत मराठीचे नाव येईल वा न येईल. पण पैठणच्या त्या राजाला शेवटी अरण्यात धावावे लागले होते आणि तोवर सातांपैकी सहा भाग राख झाले होते. आपल्या हातात किती भाग उरले आहेत, हे आपण अजून मोजलेलेसुद्धा नाही. ते मोजण्यास या वाचनालयाच्या कपाटांपासूनच आरंभ व्हावा, अशी विनंती करतो आणि माझे भाषण संपवितो.